गेटवर घ्यायला कोण येतं

लग्नात पंगतीला बसलं की शेजारची बाई हमखास विचारते, "मावशी, तुम्ही त्या पोरांच्या तिथं जाता म्हणे. सांगा की एखादा किस्सा." मी एक सांगते. त्याच्यामागं दुसरा येतो, दुसऱ्याचं बोट धरून तिसरा. तिसऱ्याला त्या बाईच्या हातातली पुरी हातातच राहते. पुन्हा ती मला विचारत नाही, पण पुढच्या लग्नात तिची जाऊ विचारते. मी काही हे किस्से गोळा करायला बसलेली नाही. मशीनखाली कातरण पडतं तसे ते पडतात, आणि झाडायला गेलं की ढीग निघतो.

मी नांदेडची. सत्तरी कधीच ओलांडली. शाळेत गेले नाही. बसस्टँडाच्या बाहेर शिलाई मशीन टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीच्या पाट्या बघत बघत वाचायला शिकले. पहिला शब्द मला आला तो 'हदगाव'. कुणी शिकवला नाही. त्यामुळं हे लिहितेय तेही माझं मीच लिहितेय. कुणाला चूक दिसली तर त्यानं ती स्वतःजवळ ठेवावी.

आठवड्यातून दोनदा मी मुलांच्या निरीक्षणगृहात शिवण शिकवायला जाते. अठराच्या आतली, केस झालेली पोरं तिथं असतात, घरी सोडायचा हुकूम होईपर्यंत. कागदावर त्यांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. हा शब्द माझ्या तोंडात नीट बसायला लई दिवस गेले. वस्तीत त्याच पोरांना 'भैय्याची पोरं' म्हणतात. दोन शब्दांत काम!

भैय्या म्हणजे बिजली भैय्या. खरं नाव वेगळं, ते मी लिहिणार नाही. मारामाऱ्या, वसुली, जागा रिकाम्या करून देणं, असले त्याचे धंदे. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्याच्यासाठी आत आलेली पोरं मात्र ओळीनं माझ्यासमोर बसायची.

* * *

पहिल्याच दिवशी मी मास्तरणीसारखं विचारलं, "मोठं होऊन कोण व्हायचंय?"

मला वाटलं, ड्रायव्हर म्हणतील, मिलिट्री म्हणतील. एक काटकुळं पोरगं उठून म्हणालं, "मला भैय्याच्या डाव्या हाताला उभं राहायचंय."

मला कळेना. म्हटलं, "डाव्या काहून? उजव्या हाताला उभं राहा की."

ते माझ्याकडं असं बघायला लागलं जणू मी अडाणी. "उजव्या हाताला जागा न्हाई, मावशी. तिथं पक्या हाय. त्यो गेल्याबिगर न्हाई मिळत."

"कुठं गेल्याबिगर?"

बाकीची पोरं खाली बघून हसली. काळजीवाहक गंगाधर दारात उभा होता. तो मला म्हणाला, "मावशी, असल्या गोष्टी विचारत नसतात." तहसिलीत बढतीसाठी वरच्याच्या रिटायरमेंटची वाट बघतात, तसं हे पोरगं कुणाच्या तरी मरणाची वाट बघत होतं. मिसरूडही फुटलेलं नव्हतं त्याला.

* * *

सुमेध आला त्यानंतर. सतरा वर्षांचा, उंच, हदगावच्या बाजूचा. बाप नाही. आई लता, गावच्या शाळेत खिचडी शिजवते. गुन्हा काय, तर भैय्याच्या दोन माणसांना मोटारसायकलवर बसवून एका ठिकाणी नेलं आणि परत आणलं. तिथं त्यांनी एका माणसाचे हात मोडले. सुमेध गाडी चालू ठेवून बाहेर उभा होता.

मी विचारलं, "तुला काय मिळालं रे त्याच्यात?"

म्हणाला, "बोर्डावर फोटो."

आमच्याकडं वाढदिवसाचे फ्लेक्स बोर्ड लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. मधे ज्याचा वाढदिवस त्याचा हा एवढा फोटो, गॉगल लावून. बाजूला वाघ. आणि खाली शिक्क्याएवढे फोटो ओळीनं, त्यांच्या वर लिहिलेलं 'शुभेच्छुक'. भैय्याच्या टोळीत घेताना शपथबिपथ काही नसते. चहा पाजतात, पोराचा फोटो मागून घेतात, आणि पुढच्या वाढदिवसाला तो पोरगा शुभेच्छुक होतो. झालं. तो त्यांचा झाला.

भेटीच्या दिवशी लता आली. रडत येईल म्हणून मी पाणी भरून ठेवलं होतं. रडली, नाही असं नाही. पण मधेच डोळे पुसून मला म्हणाली, "मावशी, नाक्यावर बोर्ड लागला व्हता तवा मी शाळेतून येताना उभी राहून पाहिला. दुसऱ्या ओळीत व्हता माझा सुमेध. लई गोड दिसून राहिला व्हता. मी सगळ्या बायांना दाखवला."

पोराचं कौतुक असं ते पहिल्यांदाच जगानं केलेलं. तिला वाटलं, लागलं पोरगं कुठंतरी कामाला.

"मग?"

"मग पोलीस आले. त्यांनी बोर्ड खाली उतरवला, भिंतीला टेकवून ठेवला, आणि वरच्या ओळीपासून एकेकाला उचलायला लागले. दुसऱ्या ओळीचा नंबर दुपारी लागला."

* * *

शिवण शिकवताना मी आधी सरळ टाका शिकवते, मग काज, मग खिसा. सरळ टाका पोरं रडत-खडत शिकली. काजांनी तर जीव खाल्ला. खिसा मात्र असा भराभर आला की मी घरी जाऊन सुनेला म्हटलं, "हुशार हायत गं पोरं."

पुढच्या खेपेला गंगाधर हातात विजारींचा ढीग घेऊन उभा. प्रत्येक विजारीला आतल्या बाजूनं एक चोरखिसा! बारीक टीप, दोरा कापडाच्या रंगाचा. कुणाच्या खिशात तंबाखूची पुडी, कुणाच्या सिमकार्ड. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या वर्गानं गृहपाठ केला होता.

मी एकेक खिसा बघत गेले. हात कुणाचा कच्चा, कुणाचा पक्का, ते मला लगेच कळतं. सगळ्यात सुबक खिसा सुमेधचा. पण रिकामा. तंबाखू नाही, सिम नाही. आणि आकार वेगळाच, अरुंद अन् लांब, मांडीपर्यंत गेलेला.

"हे कशासाठी रे?"

"आत काय न्हाई ठेवायचं, मावशी. बाहेर गेल्यावर लागंल."

मी आयुष्यभर खिसे शिवलेत. पेनचा, चष्म्याचा, घड्याळाचा, बिडीबंडलाचा. कशाचा खिसा कसा असतो ते मला कुणी सांगायची गरज नाही. मी ती विजार मांडीवर घेतली आणि त्याच्यासमोर एकेक टाका उसवला. तो बघत राहिला. हात चांगला होता हो त्याचा, त्याचंच मला जास्त लागलं.

* * *

आता मामाचा किस्सा.

भेटीच्या दिवशी एक गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस यायचा. सुमेधचा मामा. येताना चिकन बिर्याणी, पायात घालायला भारीतला बूट. गंगाधर म्हणायचा, "असा मामा नशिबानं मिळतो."

एक दिवस मी भेटीच्या खोलीच्या बाहेर बाकावर बसले होते. सुमेध भेटून गेला. मग गंगाधरनं दुसऱ्या पोराला हाक मारली, "चल रे, तुझा मामा आला." आत तोच माणूस. मग तिसरा. तिसरा होता इरफान. त्याचाही मामा!

मी गंगाधरला म्हटलं, "ह्याला बहिणी किती रे?"

तो म्हणाला, "मानलेल्या असतील."

"दोन्ही धर्मांत?"

मी आत गेले आणि त्या मामाच्या समोर बसले. गोड बोलायला मलाही येतं. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, "सुमेधचं जावळ कुठं काढलं हो तुम्ही?"

आता जावळ म्हणजे पोराचे पहिले केस. ते काढताना पोर मामाच्याच मांडीवर बसवतात. खऱ्या मामाला हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं.

तोही पक्का. पापणी लवली नाही. "माहूरला काढलं. माझ्याच मांडीवर व्हतं. लई रडलं बघा, माझा सदरा वला केला."

सुमेध बौद्धाघरचा. मीही बौद्धाघरची. त्याच्या आज्यानं छप्पनच्या धर्मांतराच्या वेळेस देवादिकांचं सगळं सोडलं, त्यानंतर त्या घरात नवस नाही, जावळ नाही, माहूर नाही. मी लगेच लताला फोन लावून खात्री केली. लताला भाऊच नाही, ही आणखी वेगळी गोष्ट.

मी अधीक्षक मॅडमना सांगितलं. मॅडम वयानं माझ्या नातीएवढ्या, पण डोकं तल्लख. त्या म्हणाल्या, "मावशी, मामाच का, कळलं का? मामाचं आडनाव भाच्याशी जुळावं लागत नाही." आपल्या रीतीभातीतली एवढीशी फट, आणि भैय्यानं तिच्यातून माणूस आत घातला होता.

मॅडमनी त्याच दिवशी सगळे मामे बंद केले. पुढच्या भेटीला तोच माणूस आला, तसाच गोड हसत. या वेळेला सुमेधचा काका होऊन! आडनाव जुळत होतं. आधार कार्ड नवंकोरं होतं.

* * *

त्या मामानं काय निरोप आणला होता ते सुमेधनं मला नंतर सांगितलं. "सुटशील त्या दिवशी भैय्या स्वतः गेटवर येणार. हार घालणार. गाड्यांची लाईन लावून गावात नेणार."

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढंच ना? पण मी बघितलंय. गेटवर जो घ्यायला येतो त्याचं ते पोरगं होतं. हार गळ्यात पडला, मोबाईलवर त्याचं रील झालं, गावानं बघितलं, की संपलं. मग पोलीसही त्याला भैय्याचा म्हणतात, सोयरे म्हणतात, भैय्याचे दुश्मनही म्हणतात. मागं फिरायला जागा राहत नाही. त्या एका दिवसात पोर एकतर आपल्याकडं येतं, नाहीतर जातं.

म्हणून सुमेधला गेटवरून थेट दुसऱ्या गावी न्यायचं मी ठरवलं. लातूरला माझ्या भाचीचा नवरा मुरली, त्याचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. त्याला फोनवर सगळं सांगितलं आणि मी एसटी धरली, अहमदपूरला चहा घेतला, दुपारी लातूर गाठलं.

मुरली गिऱ्हाईकात होता. एक साहेब, प्रेस केलेले कपडे, हातात कारची किल्ली. सोबत मुलगा, अकरावी सायन्सचा, जाड चष्मा. डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातुरात ठेवलेला. त्यांना काळे शर्ट शिवायचे होते, वर्गातल्या दहा-बारा पोरांसाठी एकसारखे.

मला बरं वाटलं. म्हटलं, अभ्यासाची पोरं, ग्रुपनं राहतात, चांगलं आहे.

मुरलीनं विचारलं, "पाठीवर काय छापायचं?"

पोरानं वहीचा कागद पुढं केला. मी वाकून वाचलं. 'बिजली ग्रुप, लातूर शाखा.'

मी मुरलीचा हात धरला. साहेबांनीही कागद वाचला, कौतुकानं मान हलवली आणि मला म्हणाले, "फिजिक्सचा ग्रुप असेल, आजी. इलेक्ट्रिसिटी चालू आहे त्यांची."

* * *

मुरलीनं ती ऑर्डर घेतली नाही. मशीन बंद आहे म्हणाला. साहेब गेल्यावर शटर अर्धं ओढून मला म्हणाला, "मावशी, तुम्ही पोराला बिजलीपासून वाचवायला बिजलीच्या शाखेत आणून राहिल्या का?"

मी म्हटलं, "मी दुकानात आणून राहिले. तुझ्या डोळ्यासमोर. डोळे उघडे ठेवायचं काम तुझं."

त्यानं लई विचार केला. भाचीनं आतून चहा आणला, तिनंही तोंड वाकडं केलं नाही. शेवटी तो म्हणाला, "येऊ द्या. पण एक सांगतो. आईसोबत एसटीनं आला तर माझा. हार घालून, गाडीत बसून, रील काढून आला तर मी ओळखत न्हाई. मला दोन लेकरं हायत."

बरोबर होतं त्याचं. मी कबूल केलं. ही गोष्ट मी, मुरली, भाची, मॅडम आणि लता एवढ्यांतच ठेवली. सुमेधलासुद्धा दुकान कुठलं ते सांगितलं नाही. भिंतींना कान असतात असं आपण म्हणतो, तिथल्या भिंतींना तर मामेसुद्धा होते.

* * *

सुमेधला सोडायचा हुकूम आला. मॅडमनी संध्याकाळी मला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात दोरे आणायला गेले, तर फ्लेक्सच्या दुकानात मशीनमधून एक बोर्ड हळूहळू बाहेर येत होता. आधी वाघाचे कान आले, मग वाघाचं कपाळ, मग सुमेध.

वर लिहिलेलं, 'वाघ पिंजऱ्याबाहेर'.

मी दुकानात शिरले. कॉम्प्युटरवर बसलेलं पोरगं कानात वायर घालून काम करत होतं. मी वायर ओढून काढली. म्हटलं, "ही ऑर्डर कवा आली?"

"परवा."

परवा! हुकूम झाला काल. मॅडमला माहीत नाही, आईला माहीत नाही, मला माहीत नाही, तेव्हा वाघाला माहीत होतं.

मी म्हटलं, "बंद कर हे."

तो म्हणाला, "मावशी, बंद केलं तर उद्या दुकान राहील का? तुम्ही सांगा." त्याचंही खोटं नव्हतं. बोललाही आदबीनं. मी तिथंच स्टुलावर बसले. जरा वेळानं त्याला माझी दया आली असावी. बोर्डाच्या खालच्या ओळीकडं बोट दाखवून म्हणाला, "शुभेच्छुकात एक जागा रिकामी ऱ्हायली बघा. तुमचा फोटो टाकू का?"

म्हटलं, "टाक. पण वाघाच्या जागी टाक."

* * *

सुटायच्या आदल्या दिवशी सुमेध माझ्यासमोर मशीनवर बसला होता. शर्टाची कॉलर लावत होता. कॉलर लावणं सोपं नाही, टोकं एकसारखी यावी लागतात. त्याची आली होती.

मी त्याला सांगितलं, उद्या आई येईल. आईसोबत थेट बसस्टँडला जायचं. दुसऱ्या गावी काम आहे, शिवणाचं, चांगला माणूस आहे. गेटवर कुणी आलं तरी थांबायचं नाही.

तो ऐकत होता. मान हलवून 'हाव' म्हणाला, दोनदा. मग मशीनवरचा पाय थांबवून म्हणाला, "मावशी, एक सांगू? गावात मला लताचं पोरगं म्हणतात. शाळेत सर हजेरीला नंबर घ्यायचे. मला पहिल्यांदा नावानं हाक भैय्यानं मारली. पूर्ण नाव, बापाच्या नावासहित. मेलेल्या बापाचं नाव त्याला म्हाईत व्हतं."

मी लई बोलणारी बाई. पोलिसाला बोलले, नगरसेवकाला बोलले, एकदा जज साहेबांनासुद्धा बोलले. तेव्हा मात्र एवढंच सुचलं. म्हटलं, "मी घेते की रे तुझं नाव."

तो हसला. कॉलर पुन्हा सुईखाली सरकवली.

"तुम्ही सगळ्यांचंच घेता, मावशी."

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. सुनेला वाटलं, तब्येत बिघडली.

* * *

आणि आता गेटचं.

सकाळी मी पोचले तेव्हाच रस्ता भरलेला. पांढऱ्या, काळ्या गाड्या एकामागं एक, बोनेटवर पोरं, हलगीवाले, समोर तो बोर्ड बांबूला बांधलेला. माझा फोटो त्यानं टाकला नव्हता. हार एवढा मोठा होता की दोन पोरांनी दोन बाजूंनी धरला होता. सगळ्यांचे मोबाईल वर. गेटवरचा एकुलता एक पोलीस फोनवर बोलत आडोशाला गेला, तो परत आलाच नाही.

लता एसटीनं आली. सोबत पिशवी, पिशवीत सुमेधचे कपडे. ती गर्दी बघून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

आत सह्या झाल्या. मॅडमनी सुमेधला आईच्या हवाली केलं आणि आमच्यासोबत गेटपर्यंत आल्या. त्यांना गेटच्या पुढं येता येत नव्हतं. गेट उघडलं. हलगी सुरू झाली. पोरं सुमेधचं नाव घेऊन ओरडायला लागली. पूर्ण नाव, बापाच्या नावासहित. शंभर गळ्यांतून. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला वाटलं, गेलं. हे पोरगं गेलं.

हार घेऊन ती दोन पोरं पुढं आली. आता हार घालून घ्यायला माणसाला मान जरा खाली करावी लागते. आपण ती आपोआप करतो, कळतसुद्धा नाही. सुमेध उंच आणि हार धरणारी पोरं बुटकी. त्यांनी हात वर केले. सुमेध सरळ उभा. त्यांनी टाचा उंच केल्या. सुमेध सरळच उभा. पोरांना वाटलं त्याच्या ध्यानात आलं नाही. एक म्हणालं, "वाक ना बे."

सुमेध म्हणाला, "एसटी सुटंल माझी."

हलगी एका जागी अडखळली, मग बंदच झाली. एवढ्या गर्दीत असं शांत झालं की गाड्यांची इंजिनं ऐकू यायला लागली. मोबाईल तसेच वर. हार तसाच हवेत. कुणाला काय करावं कळेना, कारण असं कधी झालेलंच नव्हतं. लतानं पोराचं मनगट धरलं. मी दोघांच्या पुढं जाऊन उभी राहिले. माझ्यानं काय होणार होतं? पण उभी राहिले.

मधल्या काळ्या गाडीचं दार उघडलं आणि बिजली भैय्या उतरला.

इतक्या दिवसांत मी त्याचं नाव ऐकून ऐकून मनात एक राक्षस तयार केला होता. उतरला तो सव्वीस-सत्तावीसचा पोरगा. अंगानं बारीक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी कोरलेली. बँकेत चिकटला असता तर लोकांनी मुली दाखवल्या असत्या. पोरं बाजूला सरकत गेली आणि तो सरळ आमच्याकडं चालत आला. सुमेधकडं त्यानं बघितलं नाही. लताकडंही नाही. माझ्यासमोर येऊन थांबला.

सुमेध आज कॉलर लावतो, मुरलीच्या दुकानात, सगळ्यांत चांगली. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको.

भैय्या माझ्यासमोर उभा राहिला, हात जोडले आणि खाली वाकून माझे पाय धरले. मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "भैय्याचे संस्कार बघा!" सगळे मोबाईल आमच्याकडं वळले. वयस्कर बाईच्या पाया पडणारा भैय्या, असं रील त्यांना कुठं मिळणार होतं?

तो लवकर उठेना. माझे पाय धरूनच राहिला. वरून मला त्याची फक्त मान दिसत होती. मग खालून, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो बोलला.

"लातूरचं ते गणवेशाचं दुकान मला म्हाईत हाय, मावशी."

माझ्या डोळ्यासमोर मुरलीची दोन लेकरं आली.

पाय त्यानं सोडले नव्हते.

"तिथं आणखी एक जागा निघंल का?" तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ नववीला हाय."